मावळा केवढा, बुरूज केवढा?



दिवाळी आली की महाराष्ट्रात अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात, आणि नाताळात ख्रिस्ती घरांतून येशूजन्माचा गोठा सजतो. दोहोंसाठी बाजारातून चित्रे आणली जातात. मावळा सुरेख दिसला, घेतला. मेंढरू गोजिरे दिसले, घेतले. घरी मांडल्यावर मात्र मावळा बुरुजापेक्षा उंच आणि मेंढरू बैलाएवढे! चित्रे वाईट नसतात. त्यांचे प्रमाण जुळलेले नसते. ते कसे जुळवावे, याचा आज विचार करू.

खरी वस्तू प्रतिकृतीच्या किती पट मोठी आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण. साडेपाच फूट उंचीचा माणूस म्हणजे ६६ इंच. मावळ्याचे चित्र ३ इंचांचे असेल तर ते २२ पट लहान झाले. १ इंचाचे असेल तर ६६ पट. मोजताना पायाखालची बैठक सोडून द्यावी. परदेशी शिपायांच्या पेट्यांवर मिलिमीटर किंवा प्रमाण छापलेले असते. ५४ मिलिमीटरांचा शिपाई सुमारे १ : ३२ प्रमाणाचा, तर १ : ७२ चा शिपाई इंचाहून किंचित लहान. काही कारखाने उंची डोळ्यांपर्यंतच मोजतात. म्हणून दोन पेट्यांतील शिपाई शेजारी उभे करून पाहिल्यावाचून एकत्र करू नयेत.

आता रायगडाचा महादरवाजा घ्या. त्याचा मोठा बुरूज सुमारे ७५ फूट, म्हणजे ९०० इंच उंच आहे. ३ इंची मावळ्याजवळ तो ४१ इंचांचा हवा; अंगणातला सारा डोंगरही बहुधा तेवढा नसतो. १ इंची मावळ्याजवळ तो १४ इंचांत बसतो. तेव्हा आधी जागा मोजावी, मग सर्वांत मोठी वास्तू ठरवावी, आणि माणूस शेवटी विकत घ्यावा. आपण नेमके उलट करतो. डोंगर मात्र कोणत्याही हिशेबाने अंगणात मावणार नाही. तो नुसता सुचवावा, आणि माणूस, दार व तोफ तेवढी एका मापाची ठेवावीत. थोडी मोठी चित्रे पायथ्याशी आणि लहान माथ्यावर मांडली, तर नजरेला उंची भासते.

शोभेसाठी चित्रे थोडी व मोठी असावीत, म्हणजे चेहरा आणि पोशाख दिसतो. मेजावरील लढाईच्या खेळात फौज हवी. तेथे लहान बरी. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम दिले. परंतु १ : ७२ प्रमाणात १०० मीटरांचे अंतरही जवळजवळ १.४ मीटर होते. बंदुकीचा एक पल्लाच मेज व्यापून टाकतो. म्हणून खेळणारे जमिनीसाठी निराळे, अधिक लहान प्रमाण मानतात.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी गोठ्याचा देखावा केला, तेव्हा बैल आणि गाढव खरेच होते. तेथे प्रमाणाचा प्रश्नच नव्हता. आपल्या गोठ्यात बाळ येशू पुष्कळदा मापाहून मोठा असतो, आणि किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराजही. श्रद्धेने एखादी मूर्ती मोठी करण्याची रीत जुनी आहे. तीत गैर काही नाही. मात्र तो अपवाद समजून करावा, आणि बाकीचे सारे एका मापात ठेवावे.

हा खटाटोप कशासाठी? मुलांसाठी. आमच्या नवागामातील मराठी मुलांना तापीकाठची सपाट सुरत रोज दिसते. सह्याद्री दिसत नाही. बुरुजाएवढा मावळा पाहिलेल्या मुलास गड घेणे म्हणजे एक उडी वाटते. चौदा इंची बुरुजाखाली इंचभर मावळा उभा केला, म्हणजे तोच मुलगा मान वर करून विचारतो, “गुरुजी, हे लोक वर चढले तरी कसे?” त्या प्रश्नापासून इतिहासाचा धडा सुरू करता येतो.