उन्हाळी भाजीपाल्याच्या रोपांचे थंडीपासून रक्षण

उन्हाळी वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे ऐन थंडीत वाढवावी लागतात. ही तिन्ही पिके उबदार हवेची होत. नाशिक जिल्ह्यात निफाड परिसरात किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. इतक्या थंडीत कोवळ्या रोपांची वाढ खुंटते व पुष्कळशी रोपे दगावतात. पुन्हा बी टाकावे, तर लागवड लांबते आणि फुलोरा कडक उन्हात सापडून गळतो. म्हणून रोपवाटिकेतील दक्षतेवरच पुढील उत्पन्न अवलंबून असते.

निरभ्र व वारा पडलेल्या रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहाटे थंडी सर्वाधिक असते. थंड हवा जड असल्याने ती सखल भागात साचते. यास्तव रोपवाटिकेसाठी उंचवट्याची, सकाळचे ऊन मिळणारी जागा निवडावी. वाफे १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच असे गादीचे करावेत.

ओलसर जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते व रात्री ती सावकाश सोडते. म्हणून थंडीची लाट येण्याची सूचना मिळताच वाफ्यास हलके पाणी द्यावे. मात्र पाणी साचू देऊ नये. अन्यथा रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. नत्रखताचा मारा करू नये. त्याने रोपे लुसलुशीत होऊन थंडीस लवकर बळी पडतात.

सूर्यास्तापूर्वी वाफ्यावर कामट्यांच्या आधाराने गोणपाट अथवा गवताचे तट्टे घालावेत. ते पानांना टेकू देऊ नयेत. ऊन वर आल्यावर आच्छादन न विसरता काढावे. दिवसभर झाकलेली रोपे उंच, फिकट व दुबळी होतात.

रोप जगले म्हणजे काम संपले असे नव्हे. लागवडीपूर्वी ८ ते १० दिवस पाणी हळूहळू कमी करावे व रात्रीचे आच्छादनही क्रमाने बंद करावे. या काळात थंडीची लाट आलीच, तर ते पुन्हा घालावे. अशा रीतीने काटक झालेली रोपे शेतातील ऊन व वारा सोसतात. लागवडीच्या आदल्या दिवशी वाफा भिजवावा, म्हणजे मुळे न तुटता रोपे निघतात. लागवड सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका वाफ्याच्या अर्ध्या भागातील रोपे काटक करून व उरलेली तशीच ठेवून दोन्ही शेजारी शेजारी लावावीत. आठवड्याभरात दिसणारा फरक शेतकरी बंधूंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.