नाव पुकारलं, पण कोणी उठेना!

सभागृह गच्च भरलेलं. नट-नट्या, दिग्दर्शक, गायक, वादक अशी नामवंत मंडळी जमलेली. व्यासपीठावरून एकेक नाव पुकारलं जात होतं आणि टाळ्या पडत होत्या. 'साधी माणसं' या चित्रपटाला तर एकामागून एक पुरस्कार जाहीर होत होते. तेवढ्यात उत्कृष्ट संगीत दिग्दर्शकाचं नाव आलं, 'आनंदघन'. टाळ्या झाल्या, माना इकडून तिकडे वळल्या. पण खुर्चीवरून कोणी उठेचना!

महाराष्ट्र शासनाच्या चित्रपट पुरस्कार सोहळ्यातली, १९६६ च्या सुमाराची ही गोष्ट आहे. शेवटी निवेदकांनाच गुपित फोडावं लागलं. आनंदघन म्हणजे दुसरं-तिसरं कोणी नसून लता मंगेशकर, आणि त्या इथंच आपल्यात बसल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग काय विचारता! लताबाईंना उठून व्यासपीठावर जावंच लागलं.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. नवल म्हणून ती सांगतात आणि पुढच्या गप्पांना लागतात. पण तिच्यात आपल्यासारख्या गाणं ऐकणाऱ्यांसाठी एक चांगला धडा आहे. ज्यांनी ते संगीत निवडलं आणि ज्यांनी थिएटरात त्या गाण्यांवर माना डोलावल्या, त्यांच्यापुढं कोणाचं मोठं नाव नव्हतं. पुढं होती ती फक्त चाल. ती आवडली म्हणून बक्षीस मिळालं. नाव नंतर कळलं.

गाणं कोल्हापूरच्या मातीतलं

'साधी माणसं' हा १९६५ चा चित्रपट. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, म्हणजे कोल्हापूरकरांचे बाबा. गावातला एक लोहार, त्याची बायको, त्यांचा कष्टाचा संसार आणि शहरात गेल्यावर त्यांच्यावर आलेले प्रसंग, अशी साधी कथा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी ते जोडपं असं उभं केलं की, गावोगावच्या लोकांना ते आपल्याच आळीतलं वाटलं. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

त्यातलं लोहाराच्या ऐरणीचं गाणं ठाऊक नाही असं घर आजही शोधावं लागेल. भात्याचा श्वास आणि हातोड्याचा ठेका त्या चालीत उतरला आहे. ते लिहिलं कोल्हापूरचे कवी जगदीश खेबूडकर यांनी. पेशानं ते शिक्षक होते. गायलं लताबाईंनी आणि चाल लावली आनंदघन यांनी, म्हणजे त्यांनीच!

मग हे दुसरं नाव कशासाठी? भालजींना 'मोहित्यांची मंजुळा' या चित्रपटासाठी संगीतकार मिळत नव्हता. लताबाई म्हणाल्या, मी करते. पण भालजींना काळजी वाटली. संगीत पडलं तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला उगीच बट्टा लागायचा. म्हणून टोपणनाव घ्यायचं ठरलं. १९६३ साली 'मोहित्यांची मंजुळा', १९६४ साली 'मराठा तितुका मेळवावा', १९६५ साली 'साधी माणसं' आणि १९६९ साली 'तांबडी माती' अशा चार चित्रपटांना आनंदघन यांचं संगीत आहे.

लताबाईंना कोल्हापूर काही परकं नव्हतं. १९४२ च्या एप्रिलमध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले. घरातली थोरली मुलगी म्हणून अवघ्या बाराव्या वर्षी त्यांच्यावर संसाराचं ओझं आलं. मास्टर विनायकांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्ये त्यांनी काम धरलं ते याच कोल्हापुरात. मोठेपणी नाव झाकून भालजींचं काम केलं, त्यामागं ही जुनी ओळख होतीच.

दोन गायक, दोन पक्ष

नाव बघून टाळी द्यायची की गाणं ऐकून, हा प्रश्न काही नवा नाही. याच गावच्या आणखी एका थोर गायकाची गोष्ट सांगतो.

केशवराव भोसले १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मले. लहानपणापासूनच नाटक मंडळीत वाढले. पुढं त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. लोक त्यांना 'संगीतसूर्य' म्हणत. त्याच वेळी तिकडं बालगंधर्वांचं नाव घराघरांत झालेलं. रसिकांमध्ये सरळ दोन पक्ष पडले होते. एक म्हणे आमच्या केशवरावांसारखी तान कोणाची नाही. दुसरा म्हणे गंधर्वांसारखा गोडवा आणा कुठून! आज आपल्याकडं पैलवानांवरून जशी जुंपते तशीच जुंपायची.

मग १९२१ साल उजाडलं. टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी एकत्र नाटक करायचं ठरलं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले. पुढच्या तिकिटाला शंभर रुपये. त्या काळचे शंभर रुपये बरं का! तरी थिएटर भरलं. फंडाला सोळा हजारांवर रक्कम मिळाली.

दोन्ही पक्षांचे लोक तिथं आले ते कोण कोणाला खाली बसवतो हे बघायला. पण एकाच नाटकात दोघं गायला लागल्यावर ऐकणाऱ्याला दोघांचंही ऐकावंच लागतं. दोघंही तोलामोलाचे ठरले. शंभर वर्षं होऊन गेली, तरी त्या रात्रीबद्दल लोक बोलतात ते कोण हरलं म्हणून नाही, दोघं एकत्र गायले म्हणून.

दैव बघा. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोवर, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय अवघं एकतीस. 'माझा गायक, तुझा गायक' म्हणत जो केवळ भांडत राहिला असेल आणि कान देऊन ऐकायला विसरला असेल, त्याच्या हाती शेवटी काय उरलं?

ओरड्यात गाणंच हरवलं

हे वेड फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. विलायतेत बीटल्स नावाच्या चार तरुणांची मंडळी होती. विजेवर वाजणारी गिटार आणि ड्रम घेऊन गायचं, त्या गाण्याला तिकडं रॉक म्हणतात. आपल्याकडं 'साधी माणसं' आला त्याच १९६५ साली, १५ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या शी स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर माणूस जमला होता. पोरी-पोरं अशी किंचाळत होती की, वाजवणाऱ्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना! पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ नंतर, त्यांनी असे दौरे बंदच केले. चाहते इतके वाढले की गाणं ऐकणं अशक्य झालं. कालव्याचं पाणी पिकाला हवंच, पण पाटच फुटला तर उभं पीक वाहून जातं, तशातला हा प्रकार.

त्याच मंडळीतला जॉर्ज हॅरिसन हा आपल्या पंडित रविशंकरांचा शिष्य झाला. बांगलादेशातल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १ ऑगस्ट १९७१ ला या गुरू-शिष्यांनी न्यूयॉर्कला मोठा जलसा केला. सुरुवातीला रविशंकर सतार आणि अली अकबर खाँ सरोद जुळवत होते. जुळवाजुळव थांबताच सगळ्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा गजर केला. त्यांना वाटलं, हेच वादन! रविशंकर हसून म्हणाले की, नुसतं जुळवणं एवढं आवडलं, तर वादन याहून आवडेल अशी आशा करतो. या जलशाच्या ध्वनिमुद्रिकेला पुढं १९७३ साली अमेरिकेतला ग्रॅमी हा मोठा पुरस्कार मिळाला.

आपण त्या प्रेक्षकांना हसतो. पण टीव्हीवर पुरस्कार सोहळा लागला की आपणही कोणी कोणता शालू नेसला आणि कोण कोणाशेजारी बसलं हेच बघत बसतो. गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, ढोलकी कोणाची, हे सांगणाऱ्या ओळी पडद्यावरून भुर्रकन जातात. बैल बाजारात नेला तर आपण झूल बघून सौदा करत नाही. दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. मग गाण्याच्याच बाबतीत नुसती झूल का बघावी?

गाणाऱ्याला बक्षीस का नाही?

गाण्यामागच्या माणसाला मान मिळावा म्हणून लताबाईंनी स्वतःही एकदा पाय रोवला होता. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ पासून सुरू झाले. त्यात संगीतकाराला बक्षीस होतं, पण गाणाऱ्याला नव्हतं आणि गीतकारालाही नव्हतं. १९५७ साली 'चोरी चोरी' या चित्रपटाच्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांना बक्षीस मिळालं. सोहळ्यात त्यातलं गाणं गावं म्हणून जयकिशन लताबाईंना बोलवायला आले. त्यांनी साफ नकार दिला. बक्षीस चालीला आहे ना, मग चाल नुसती वाजवून दाखवा, शब्द आणि आवाज कशाला हवेत, असा त्यांचा रोख होता.

बोलणं झोंबणारं होतं, पण खरं होतं. १९५९ पासून गायक आणि गीतकार या दोघांनाही तो पुरस्कार सुरू झाला. गायनाचा पहिला लताबाईंनाच मिळाला, 'मधुमती'तल्या गाण्याबद्दल. पुढं १९७० च्या सुमाराला त्यांनीच सांगितलं की आता मला नको, नव्या गाणाऱ्यांना द्या. मिळत नव्हतं तेव्हा सगळ्यांसाठी मागितलं, आणि भरपूर मिळाल्यावर बाजूला झाल्या.

आपलं काम काय?

कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागून केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ च्या दरम्यान ते पॅलेस थिएटर म्हणून बांधवलं. करवीर, पन्हाळा, कागल अशा कितीतरी भागांतली मंडळी इथं नाटक-गाण्याला यायची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली आणि रंगमंच, छत, खुर्च्या जळून गेल्या. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या राखेपुढं उभं राहून थोराड माणसं रडली. नट-गायक रडले, तसे नुसते ऐकणारेही रडले. नंतर ते पुन्हा उभारण्याचं काम हाती घेण्यात आलं.

त्या ऐकणाऱ्यांना कोणी कधी पुरस्कार दिला नव्हता. पण शेजारच्या खासबागेत वाढलेला कुस्तीशौकीन जसा पैलवानाचं नाव विसरून डाव बघतो आणि धाकट्या पोरानं चांगला पट काढला तरी 'शाब्बास' म्हणतो, तसा कान त्यांना होता. असा कान गावोगावी तयार व्हायला हवा.

त्याला खर्च काही नाही. जत्रेत किंवा गणपतीत कार्यक्रम असला तर थोडं आधी जाऊन बसा. गाणं चालू असताना मोबाईल उंच धरून मागच्याचा डोळा झाकू नका. पोरांना सोबत न्या आणि ढोलकीवाल्याचंही नाव विचारायला सांगा. घरी गाणं लागलं की पोरांना विचारा, हे लिहिलं कोणी? चाल कोणाची? गावातल्या भजनी मंडळात एखादी पोरगी चांगली गात असेल, तर ती टीव्हीवर येईपर्यंत थांबू नका. आजच टाळी द्या.

आणि पुढच्या वेळी लोहाराच्या भात्याजवळून जाताना ते ऐरणीचं गाणं ओठांवर आलं, तर घरच्या पोरांना आनंदघन यांची गोष्ट जरूर सांगा. नाव मात्र शेवटी सांगा. आधी गाणं ऐकवा.