आधी नाली, मग रस्ता

रेल्वेच्या पाटीवर वडसा आणि नगरपरिषदेच्या कागदावर देसाईगंज असलेले हे गाव गडचिरोली जिल्ह्याचे प्रवेशद्वार आहे, असे भाषणांत नेहमी म्हटले जाते. पावसाळ्यात या प्रवेशद्वारात पाणी साचते, हे मात्र भाषणांत येत नाही.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून 2015 च्या सुमारास तालुक्यांच्या गावांना नगरपंचायती मिळेपर्यंत या अवाढव्य जिल्ह्यात नगरपरिषदा दोनच होत्या, एक गडचिरोलीची आणि दुसरी देसाईगंजची. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 29 हजारांच्या जवळपास भरली. कायद्याने 40 हजारांच्या आतली नगरपरिषद ‘क’ वर्गात मोडते. म्हणजे कर्मचारी मोजके, अभियंता एखाद-दुसरा आणि बाजारपेठ मात्र चार तालुक्यांची. धानाच्या गिरण्या, तेंदू-बांबूचा व्यापार, लाखांदूर-ब्रह्मपुरी-कुरखेडा-आरमोरीची वर्दळ आणि दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचा हंगाम. ही सगळी वर्दळ ज्या रस्त्यांवरून जाते ते रस्ते आणि त्यांच्या कडेच्या नाल्या 29 हजारांच्या घरपट्टीवर राखायच्या आहेत.

ते जमत नाही हे उघड आहे. म्हणून पैसा वरून येतो. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. वडशासारख्या व्यापारी गावाला जकात म्हणजे हातातली रोकड होती. तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. नवी कामे करायची तर नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलितेतर वस्ती सुधार, अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार, रस्ता अनुदान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी आणि वित्त आयोग अशा आठ-दहा दारांवर उभे राहावे लागते. प्रत्येकाचे हेड, म्हणजे निधीचे खाते, वेगळे आणि अटी वेगळ्या. पंधराव्या वित्त आयोगाने तर लहान शहरांच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला. अट वाईट नाही. पण एकूण चाल अशी पडली आहे की काम हेड बघून काढले जाते, जमिनीचा उतार बघून नाही. एका हेडातून रस्ता होतो, दोन वर्षांनी दुसऱ्या हेडातून नाली होते, आणि दोघांच्या पातळीची गाठ कधी पडतच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: पाण्याचा उतार आधी ठरवा, त्यावर नाली, नालीवरून रस्त्याची पातळी आणि शेवटी सिमेंट.

पूर्व विदर्भातल्या नगरपरिषदांच्या गावांत जुन्या वस्तीतली कोणतीही गल्ली बघा. पूर्वी मुरूम होता, त्यावर खडी आली, मग डांबर, मग डांबर न खोदता त्यावरच सहा इंच सिमेंट, आणि उरलेल्या निधीतून दोन्ही कडांना गट्टू. रस्ता दर खेपेला वर चढला, घर तिथेच राहिले. ज्या घरात दोन पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आज एक पायरी उतरून जावे लागते. घरमालकाने दारापुढे विटांचा वीतभर बांध घातलेला असतो. नालीच्या भिंती जुन्या रस्त्याच्या पातळीच्या, म्हणून नव्या रस्त्याचे पाणी नालीत शिरण्याआधी अंगणात शिरते. नालीवर जो तो गाडी चढवायला फरशी टाकतो. ती उचलायची म्हणजे भांडण, त्यामुळे सफाई कामगार दोन फरश्यांच्या मधला हातभर गाळ काढून पुढे जातो. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखालून गेलेल्या नळीत खर्र्याच्या पन्न्या अडकून बसलेल्या असतात. एवढ्या एका नळीमुळे वरची सगळी नाली निकामी होते.

यात थोडे गणित आहे आणि ते कोणालाही जमेल. दीड फूट रुंद, दोन फूट खोल अशी सिमेंटची नाली घ्या. ती स्वच्छ असेल, उतार नीट असेल आणि पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने धावत असेल, तर सेकंदाला साधारण 280 लिटर पाणी वाहून नेते. आता तासाला 50 मिलिमीटरची सर धरा. आपल्याकडे अशी सर काही नवलाची नाही. छपरे, सिमेंट आणि गट्टू असलेल्या एका हेक्टर वस्तीतून त्या सरीचे सेकंदाला 110 लिटरच्या आसपास पाणी निघते. म्हणजे ती नाली जेमतेम अडीच हेक्टरांना, सहा एकरांना पुरते. अर्धी गाळाने भरली की तीन एकरांनाही नाही. या नालीत वरून किती एकरांचे पाणी येते, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या कागदावर असायला हवा. बहुतेक वेळा तिथे नालीची लांबी असते, ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ अशी. नाली तमक्याच्या घरापाशी संपते. पाणी तिथे संपत नाही.

हे पाणी पूर्वी कुठे जात होते? झाडीपट्टीत त्याचे उत्तर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात आहे. धानाच्या बांधीत धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या आत वीतभर पाणी उभे राहते, ती धानाची गरजच असते. एका हेक्टर बांधीत दहा सेंटिमीटर पाणी साठले तर ते दहा लाख लिटर होते. त्याखाली बोडी, म्हणजे लहान तळे, आणि बोडीखाली तलाव. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेली ही तलावांची साखळी 1951 च्या आसपास मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आली आणि ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी) या लाडक्या नावाने हळूहळू गाळात गेली. शहर वाढते ते याच बांध्यांवर. ले-आउट पडला की पहिल्याच दिवशी धुरे मोडतात. मग जे दहा लाख लिटर पाणी शेतात थांबत होते ते एकाच दुपारी खालच्या जुन्या वस्तीत उतरते, आणि जुन्या वस्तीचे लोक म्हणतात, आता पाऊस फार पडतो बुवा. पाऊस वाढला असेलही, पण थांबायची जागा तर नक्कीच गेली.

तरीही हे झाले आपल्या अंगणातल्या पावसाचे. वडशाचे खरे दुखणे पश्चिमेला आहे. वैनगंगा. 2020 च्या ऑगस्टअखेर जो महापूर आला, तेव्हा मूळ पाऊस मध्य प्रदेशात होता. तिथल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली या पट्ट्यात नदी गावांत शिरली. गोसीखुर्दची कोनशिला 1988 मध्ये बसली. तेव्हापासून धरणाच्या वरच्या गावांच्या पुनर्वसनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच होते. धरणाखालच्या शहरांच्या नाल्यांबद्दल मात्र कोणी फारसे लिहिले नाही. नदी फुगली की गावातले नाले नदीत रिकामे होत नाहीत, उलट नदीच नाल्यातून गावाकडे येते. अशा वेळी शहरातली नाली कितीही रुंद असली तरी उपयोग नाही. नाल्याच्या मुखाशी एकाच बाजूला उघडणारे झडपेचे दार आणि आतले पाणी उपसायला पंप, हीच तेव्हाची खरी भांडवली कामे. त्यांचे उद्घाटन होत नाही, कारण फोटो काढण्यासारखे त्यात काही नसते.

राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या नियमांत निळी आणि लाल पूररेषा आहे. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये मर्यादित. या रेषा नकाशावर राहतात, प्लॉट विकणाऱ्याच्या तोंडी कधीच येत नाहीत. त्या प्रत्येक वॉर्डात विजेच्या खांबांवर रंगवून टाकाव्यात. रंगाच्या एका डब्याचा खर्च आहे.

रेल्वेचाही या पाण्याशी संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून चांद्याकडे नॅरोगेज नेली, पुढे तिची ब्रॉडगेज झाली, आणि अनेक दशके जिल्ह्याचे एकमेव स्थानक म्हणून वडसा मिरवले. पण रुळांचा भराव म्हणजे पाण्यापुढची भिंतसुद्धा असते. भरावाखालच्या मोऱ्या ज्या मापाच्या, त्या मापाचेच पाणी पलीकडे जाते. आता वडसा ते गडचिरोली असा सुमारे 52 किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे. नवा भराव, नव्या मोऱ्या. त्या मोऱ्यांची मापे पुढच्या शंभर वर्षांसाठी ठरतात. राष्ट्रीय महामार्ग 353 सी चेही तसेच. महामार्गाचा मालक एक, रेल्वेचा दुसरा, कालव्याचा तिसरा, गल्लीची मालक नगरपरिषद, आणि पाणी या चौघांना विचारत नाही. चौघांचे अभियंते पावसाळ्याआधी एका टेबलाशी बसवणे, याला एक रुपयाही लागत नाही. तेच सगळ्यात अवघड आहे.

पाण्याला थांबायला मोकळी जागा लागते आणि ती बागेतही मिळू शकते. पण बागेबद्दल बोलू लागले की वडशात हमखास ऐकू येते, ‘भाऊ, चहूकडे जंगल असताना बाग कशाले पाहिजे?’ 2022 पूर्वी हा विनोद चालून जात होता. त्या वर्षी वडसा वनविभागात आणि शेजारच्या भागांत 13 माणसांचे बळी घेणारा ‘सीटी-1’ वाघ ऑक्टोबरमध्ये जेरबंद झाला. 2021 पासून ओडिशाकडून आलेला हत्तींचा कळपही या पट्ट्यात फिरतो. जंगलाच्या कडेने सकाळी फिरायला जाणाऱ्या बाईला आता शहराच्या आत चालायची जागा हवी आहे, आणि ती मागणी हौसेची नाही. कायद्याने 0.4 हेक्टरपेक्षा मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. सोडलीही जाते. मग तिथे एक देऊळ येते, एक सभागृह येते, लोखंडी गेट येते आणि गेटला कुलूप लागते. देवाबद्दल माझी तक्रार नाही, कुलपाबद्दल आहे.

इथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते, आणि ती वडशातच जमण्यासारखी आहे. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. मंडई, शंकरपट, रात्रभराची नाटके, सगळे कोरड्या दिवसांत. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे कलावंत. या सगळ्यासाठी शहराला मोठे मैदान लागतेच. पावसाळ्यात मात्र मैदान रिकामे असते. मग मैदान आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा अर्धा मीटर खोलच का ठेवू नये? एका एकरात अर्धा मीटर पाणी म्हणजे 20 लाख लिटर. वर धरलेल्या तासाभराच्या सरीचे चार-पाच हेक्टर वस्तीचे पाणी तिथे रात्रभर थांबेल आणि सकाळी नाला ओसरला की हळूहळू निघून जाईल. सप्टेंबरपर्यंत बोडी, डिसेंबरात मंडप. कडेने चालायची उंच वाट आणि करंज-अर्जुनाची झाडे लावली की तीच बाग. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये होळकरांच्या इंदूरसाठी अहवाल लिहिला, तेव्हा नाल्या, तलाव आणि बागा यांचा विचार त्याने एकत्रच केला होता. आपण शंभर वर्षांनी तिघांची तीन टेंडरे काढतो.

आराखडे नाहीत असे नाही. 1966 च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा वीस वर्षांच्या हिशेबाने होतो. त्यात बागेचे आरक्षण पडते. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण सुटते. नगरपरिषदेकडे भूसंपादनाला पैसे नसतात, म्हणून बाग नकाशावरच सुकते. वीस वर्षांचा आराखडा आणि वर्षाचा अर्थसंकल्प यांच्या मध्ये आपल्याकडे काहीच नाही. अमेरिकेतल्या अनेक नगरपालिका तिथे पाच-सहा वर्षांची भांडवली कामांची यादी ठेवतात: कोणते काम, कशाच्या आधी, किती खर्चाचे, आणि पुढे दरवर्षी देखभालीला किती. दरवर्षी एक वर्ष संपते आणि शेवटी एक नवे जोडले जाते. वडशाला यासाठी सल्लागार कंपनी नको. सगळ्या नाल्यांच्या तळाची पातळी एकदा मोजावी, मुखापासून वर अशा क्रमाने कामे लावावीत, आणि ती यादी नगरपरिषदेच्या दारावर रंगवावी. मग कोणत्याही हेडचा पैसा येवो, यादीतले वरचे काम आधी. राज्यातल्या नगरपरिषदा कित्येक महिने प्रशासकांच्या हाती होत्या आणि 2025 च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. आपण यादी मोडली तर लोकांना दिसेल, हे नव्या नगरसेवकाला ठाऊक असले पाहिजे. एवढा धाक पुरेसा आहे.

वाचकांना एक विनंती. येत्या पावसाळ्यात तुमच्या भिंतीवर पाणी जिथवर चढेल तिथे खूण करा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. गल्लीतल्या दहा घरांचे असे फोटो एका अर्जाला जोडून अर्थसंकल्पाच्या सभेआधी नगरपरिषदेत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.