फक्त ऐकणारं यंत्र

टेलिप्रिंटर म्हणजे तारेवरून चालणारा टाइपरायटर. पण वर्तमानपत्रांच्या कचेरीत पीटीआय, यूएनआयच्या बातम्या छापत बसणाऱ्या यंत्राला बहुधा कीबोर्डच नसायचा. ते फक्त घ्यायचं. उलट विचारायची सोय नाही. म्हणूनच ते आटोपशीर.

आत येणारं प्रत्येक अक्षर म्हणजे विजेचे पाच ठोके, असणारे किंवा नसणारे. त्यातून 32च जुळण्या होतात. त्यातल्या 26 रोमन अक्षरांनीच खाल्ल्या. आकड्यांसाठी आधी 'शिफ्ट'चा संकेत द्यायचा. लहान अक्षरांना जागाच नाही, म्हणून सगळा मजकूर कॅपिटलमध्ये. टेलेक्सचा वेग 50 बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा अक्षरं.

आता उपसंपादकाचं बघा. रोमनमधून आलेली धरमपुरी ही आमची, धार जिल्ह्यातली नर्मदाकाठची, की तमिळनाडूतली धर्मपुरी? एक 'ए' गळला की गाव हजार किलोमीटर सरकलं! ण-न, ळ-ल, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं अंदाजाने, तेही पान सुटायच्या घाईत. मराठी बातमीतली ती लांबलचक 'करण्यात आले' छाप वाक्यं बरीचशी याच घाईच्या भाषांतरातून आली असावीत, असं मला वाटतं. देवनागरी टेलेक्स दिल्लीत सुरू झाला तो 1969 मध्ये; तोवर ही सवय चांगलीच मुरली होती.