कार्बन ग्रह

ज्या खडकाळ ग्रहाच्या घडणीत ऑक्सिजनापेक्षा कार्बनाचे आधिक्य असते, अशा कल्पित ग्रहास ही संज्ञा लावतात. मार्क कुचनर व सारा सीगर यांनी २००५ मध्ये ही कल्पना मांडली. सूर्यात ऑक्सिजनाच्या दर दोन अणूंमागे कार्बनाचा सुमारे एक अणू आहे. म्हणून पृथ्वीचे खडक मुख्यत्वे सिलिकेटांचे बनले. ताऱ्याभोवतीच्या द्रव्यात हे प्रमाण उलटे असल्यास बहुतेक ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडात अडकून पडतो आणि सिलिकॉन कार्बाइड, ग्रॅफाइट व खोलवर हिरा यांचे ग्रह घडू शकतात.

कार्बन हा सजीवांचा मूलाधार असल्याने असे ग्रह जीवसृष्टीस पोषक असावेत, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः उलटच संभवते. ऑक्सिजनाअभावी पाणी तुटपुंजे राहते. जे मुरेल तेही टिकणे कठीण; कारण उच्च दाब व तापमानाला सिलिकॉन कार्बाइडाशी पाण्याची विक्रिया होऊन हिरा व सिलिका तयार होतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

कर्क तारकासमूहातील ५५ कॅन्क्री ई या ग्रहाच्या अंतर्भागात हिरा असावा, असे निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुचविले. ‘हिऱ्याचा ग्रह’ हे नाव वृत्तपत्रांना फारच रुचले. परंतु २०१३ मधील मापनांत त्याच्या ताऱ्यात कार्बनापेक्षा ऑक्सिजनच अधिक आढळला.