सुट्टीतील सामूहिक स्की-वर्ग

सुट्टीतील सामूहिक स्की-वर्ग म्हणजे हिवाळी पर्यटनस्थळी आलेल्या, साधारणतः एकाच पातळीच्या आठ ते बारा जणांना एका प्रशिक्षकाने सलग काही दिवस एकत्रितपणे दिलेले स्कीइंगचे शिक्षण होय. ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली या आल्प्स पर्वतरांगेतील देशांत ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ रूढ आहे. भारतात गुलमर्ग व औली येथे असे वर्ग चालतात. आठवड्याभरात स्कीइंग शिकवण्याचे आश्वासन जाहिरातींतून दिले जाते. प्रत्यक्षात पाच-सहा दिवसांत सामान्य प्रकृतीच्या प्रौढास साधते ते इतकेच : सोप्या उतारावर वेग आवरणे, हव्या त्या जागी थांबणे, दोन्ही बाजूंना वळणे आणि लिफ्टमध्ये न अडखळता चढणे-उतरणे. यांपैकी थांबणे सर्वांत महत्त्वाचे असून चांगला प्रशिक्षक तेच प्रथम शिकवतो.

इतिहास

ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथे माथियास झ्डार्स्की (१८५६–१९४०) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरउतारावरील स्कीइंगचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले. त्यांचे विद्यार्थी एकच लांब काठी वापरत. आजच्या सामूहिक वर्गाला आकार दिला तो मात्र हान्नेस श्नायडर (१८९०–१९५५) यांनी. आर्लबर्ग खिंडीजवळील श्टुबेन या खेड्यात जन्मलेले श्नायडर १९०७ मध्ये सांक्ट आंटोन येथील एका हॉटेलात पाहुण्यांना स्कीइंग शिकवण्यासाठी आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियाच्या पर्वतीय सैनिकांना शिकवले. थोड्या अवधीत पुष्कळांना शिकवायचे, तर प्रत्येकाला वेगळी कसरत देऊन भागत नाही. क्रम ठरवावा लागतो आणि शिकणाऱ्यांची पातळीनुसार वाटणी करावी लागते. युद्धानंतर सांक्ट आंटोन येथे त्यांनी काढलेल्या स्की-शाळेत हेच तत्त्व पाहुण्यांना लागू झाले. आधी नांगर, मग नांगरातून वळण, मग वळणाच्या अखेरीस पट्ट्या समांतर आणणे, असा हा क्रम ‘आर्लबर्ग पद्धती’ म्हणून जगभर गेला. १९३१ च्या ‘डेर वाइसे राउश’ या चित्रपटातील त्यांच्या भूमिकेनेही या खेळाच्या लोकप्रियतेत भर घातली. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेताच श्नायडर यांना अटक झाली. पुढील वर्षी ते अमेरिकेतील नॉर्थ कॉनवे येथे गेले आणि अखेरपर्यंत तेथेच शिकवत राहिले.

गटांची विभागणी

वर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. ऑस्ट्रियात सकाळी दोन व दुपारी दोन असे दिवसाचे चार तास पुष्कळ ठिकाणी आढळतात. फ्रान्समध्ये केवळ सकाळचा किंवा केवळ दुपारचा वर्ग घेण्याची पद्धत अधिक आहे. नोंदणी करताना प्रत्येकाला आपली पातळी सांगावी लागते. अगदी नवखे असणाऱ्यांचा प्रश्न नसतो. इतरांना पहिल्या सकाळी प्रशिक्षकासमोर चार-दोन वळणे घ्यावयास लावतात आणि त्यावरून गट ठरतो.

येथे होणारी एक चूक संपूर्ण आठवडा बिघडवू शकते. पूर्वी कधीतरी दोन दिवस स्कीइंग केलेला मनुष्य संकोचाने किंवा मित्रांची सोबत सुटू नये म्हणून वरची पातळी सांगतो. तो ज्या गटात जातो तो गट दुसऱ्याच दिवशी त्याला न झेपणाऱ्या उतारावर जातो. तेथून परतीची सोपी वाट नसल्यास सर्वांना त्याच्यासाठी खोळंबावे लागते, आणि भीतीने आखडलेले शरीर अधिकच पडते. उलट, खालच्या गटात सुरुवात करणाऱ्यास दुसऱ्या दिवशी वर पाठवणे प्रशिक्षकाला सहज जमते. पातळी सांगताना ‘किती वेळा केले’ यापेक्षा ‘कोणत्या उतारावर न पडता थांबता येते’ हे सांगणे उपयोगाचे असते. पती-पत्नी किंवा मित्र यांनी एकाच गटाचा आग्रह धरू नये, हे त्याचेच उपसूत्र.

आखलेल्या उतारांना युरोपात काठिण्यानुसार रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याहून सोपा असा हिरवा रंगही असतो. उत्तर अमेरिकेत खुणा निराळ्या असून तेथे हिरवे वर्तुळ सर्वांत सोपे समजले जाते.

पहिले दोन दिवस

पहिला तास अनेकांना निराश करतो, कारण त्यात घसरणे जवळजवळ नसतेच. जड, ताठ बूट घालून चालणे, एकच पट्टी पायात अडकवून सपाट जागी सरकणे, आडव्या पावलांनी उतार चढणे, पडणे आणि उठणे एवढेच होते. उठण्याची युक्ती लहान पण महत्त्वाची आहे. उतारावर ओंजळभर पाणी ओतले तर ते ज्या दिशेने वाहील ती उताराची रेषा होय. दोन्ही पट्ट्या या रेषेला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूस आणल्यावाचून उठू गेल्यास त्या पुन्हा निसटतात.

यानंतर नांगर येतो. पट्ट्यांची टोके जवळ आणि शेपट्या दूर ठेवून केलेल्या या पाचरीसारख्या आकाराला जर्मन भाषेत नांगर या अर्थाचाच शब्द आहे. मुलांना इंग्रजीतून शिकवणारे प्रशिक्षक त्याला पिझ्झाचा तुकडा म्हणतात. पट्ट्यांच्या आतल्या धारा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. शेपट्या जितक्या फाकवाव्या तितका रोध अधिक. वळण याच आकारातून निघते. डावीकडे वळायचे असल्यास भार उजव्या पायावर द्यावयाचा असतो. मनाला हे उलटे वाटते, आणि पहिल्या दिवसाचा बराच वेळ ही गोष्ट शरीराला पटवण्यात जातो.

दुसरी उलटी वाटणारी गोष्ट म्हणजे पुढे झुकणे. उतार पाहून मनुष्य आपोआप मागे रेलतो. भार टाचांवर गेला की पट्ट्यांची टोके हलकी होऊन वळेनाशी होतात आणि वेग वाढतो. वेग वाढला की तो आणखी मागे रेलतो. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली ठेवा, हे वाक्य आठवडाभर कानी पडते. सोपे उतार चढण्यासाठी बहुधा सरकता पट्टा असतो. पुढे बैठकीची तबकडी असलेली ओढ-लिफ्ट किंवा खुर्च्यांची लिफ्ट येते. ओढ-लिफ्टच्या तबकडीवर बसायचे नसते, ती केवळ मागून ओढते. बसू पाहणारे पडतात.

वर्गातील वेळ आणि रांगेतील जागा

सामूहिक वर्गातील वेळेचा हिशेब आधी समजून घेतल्यास अपेक्षाभंग टळतो. दहा जणांना एकेक करून मिनिटभराची कसरत करावयास लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट सराव व नऊ मिनिटे वाट पाहणे येते. त्यात लिफ्टच्या रांगेची भर पडते. अनुभवी प्रशिक्षक म्हणून सर्वांना आपल्यामागे नागमोडी रांगेत नेतात. या रांगेत प्रशिक्षकाच्या लगेच मागची जागा उत्तम, कारण त्याच्या वळणाचा माग स्पष्ट दिसतो आणि सूचना ऐकू येतात. शेवटच्याची स्थिती बिकट असते. तो धापा टाकत पोहोचतो तोवर बाकीचे विसावलेले असतात आणि तो येताच रांग पुढे निघते. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाचे जे होते तेच येथे होते. रांगेतील जागा आळीपाळीने बदलाव्यात, अशी विनंती विद्यार्थ्याने अवश्य करावी. त्यात वावगे काही नाही.

वर्गाबाहेर दिवसाकाठी तासभर त्याच सोप्या उतारावर केलेला सराव फार उपयोगी ठरतो. मात्र थकव्याने पाय थरथरू लागल्यास थांबणेच इष्ट. वैयक्तिक शिकवणीत चुका लवकर सुधारतात, पण ती बरीच महाग असते. सामूहिक वर्गात इतरांचे पडणे-उठणे पाहूनही शिकता येते आणि भीती वाटून घेतली जाते.

मुलांचे वर्ग वेगळे असतात. फ्रान्समधील ‘एकोल द्यू स्की फ्रांसे’ या संघटनेचे लाल पोशाखातील प्रशिक्षक मुलांना पातळीनुसार अस्वलाचे पिल्लू, हिमकण व पुढे तारे अशी पदके देतात. ऑस्ट्रियात आठवड्याअखेर मुलांची छोटी शर्यत होते. फेब्रुवारीत युरोपातील अनेक शाळांना सुट्टी असल्याने गट मोठे होतात. शक्य असल्यास जानेवारीचा मध्य निवडावा. युरोपात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र मुलांच्या शाळेमुळे ही निवड बहुधा उरत नाही.

खर्च, साहित्य आणि सुरक्षितता

वर्गाच्या शुल्कात लिफ्टचा पास, भाड्याचे साहित्य आणि विमा सहसा समाविष्ट नसतो. नवख्याने पहिल्याच दिवशी संपूर्ण डोंगराचा आठवड्याचा पास घेऊ नये. शिकाऊ उतारावरील लिफ्ट काही ठिकाणी विनामूल्य किंवा स्वस्त असते. बूट घट्ट हवेत. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे किंचित टेकावा, गुडघे वाकवल्यावर सुटावा आणि टाच उचलली जाऊ नये. आत पातळ मोजा एकच घालावा. दोन मोजे घातल्याने पाय गार पडतो व घासतो.

बुटाला पट्टीशी जखडणारे बाइंडिंग पडताना सुटावे म्हणून वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून त्याचा ताण ठरवतात. दुकानात वजन सांगताना लाजून कमी सांगणे किंवा कौशल्य फुगवून सांगणे थेट गुडघ्यावर बेतू शकते. वजन कमी सांगितल्यास बाइंडिंग अवेळी सुटते, कौशल्य फुगवल्यास ते वेळेवर सुटत नाही. ताण अचूक असला तरी मंद वेगात पीळ पडून झालेल्या पतनात ते सुटेलच असे नाही. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत या खेळात म्हणूनच आढळते. पडताना हातातील काठी सोडून द्यावी, अन्यथा अंगठा दुखावतो. शिरस्त्राण घालावे. इटलीत स्की-उतारावर उतरणाऱ्याकडे इतरांच्या हानीची भरपाई करणारा विमा असणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वर्तनाचे दहा नियम आहेत. त्यांतील शिकाऊंना सर्वाधिक लागू पडणारा नियम असा, की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडावी. दुसरा, अरुंद किंवा न दिसणाऱ्या जागी थांबू नये. पडल्यास ती जागा लवकर मोकळी करावी.

भारतातील वर्ग

काश्मीरमधील गुलमर्ग (उंची सुमारे २,६५० मीटर) येथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था अभ्यासक्रम चालवते. संस्थेचे मूळ १९६८ मध्ये सुरू झालेल्या हिवाळी क्रीडा प्रकल्पात आहे. उत्तराखंडमधील औली येथे गढवाल मंडल विकास निगमाचे सात व चौदा दिवसांचे अभ्यासक्रम असतात. महाराष्ट्रातून गुलमर्ग किंवा मनालीजवळील सोलांग येथे जाणारे बहुतेक पर्यटक तासाभरासाठी पट्ट्या भाड्याने घेतात, मदतनीस त्यांना हात धरून थोडे घसरवतो आणि छायाचित्रे काढली जातात. ही मौज खरीच, पण तिला वर्ग म्हणता येत नाही, कारण त्यात थांबणे शिकवले जात नाही. गुलमर्गचा रज्जुमार्ग दुसऱ्या टप्प्यात अफरवट पर्वताच्या माथ्याजवळ सुमारे ३,९०० मीटरपर्यंत जातो. वरचा उतार नवख्यांसाठी नाही आणि आखलेल्या वाटांबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो. शिकाऊंचे वर्ग गुलमर्गच्या खालच्या पठारावरील सौम्य उतारांवर भरतात.

औलीत अलीकडच्या काही हिवाळ्यांत बर्फ उशिरा किंवा अपुरा पडला आहे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ येथील जमीन खचल्यानंतर जोशीमठ-औली रज्जुमार्गही बंद करण्यात आला. त्यामुळे तेथील वर्गासाठी नाव नोंदवण्यापूर्वी बर्फ व वाहतूक या दोन्हींची चौकशी करणे आवश्यक आहे.