दगडातून वाट काढणारा ऑक्सिजन

पाणी वाहते, हवा वाहते. पण दगड आपल्या जागी घट्ट बसलेला असतो. त्याच्या आत काही चालत-फिरत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तरी काही स्फटिक असे आहेत, की ते खूप तापवले म्हणजे त्यांच्यातील ऑक्सिजन एक जागा सोडून दुसऱ्या जागी जाऊ लागतो. स्फटिक मात्र वितळत नाही.

अशा स्फटिकांचे एक मोठे कुटुंब आहे. त्याचे नाव पेरोव्हस्काइट. १८३९ साली गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन केले आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजप्रेमीचे नाव त्याला दिले. या खनिजात कॅल्शियम, टायटेनियम आणि ऑक्सिजन असतात. मध्ये टायटेनियम आणि त्याच्या वर, खाली व चार बाजूंना मिळून सहा ऑक्सिजन! या आकृतीला अष्टफलक म्हणतात. असे असंख्य अष्टफलक टोकाला टोक लावून जोडलेले असतात. मधल्या पोकळीत कॅल्शियम बसतो.

आता याच कुटुंबातील एक वेगळा स्फटिक पाहा. त्यात लँथॅनम, निकेल आणि ऑक्सिजन असतात. त्याची रचना मजल्यांच्या इमारतीसारखी आहे. एक थर निकेलच्या अष्टफलकांचा, त्यावर लँथॅनम व ऑक्सिजन यांचा थर, मग पुन्हा अष्टफलकांचा. लँथॅनमच्या थरातील मांडणी आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या स्फटिकासारखी असते. अशा थरांच्या काही स्फटिकांची माहिती रडल्सडेन आणि पॉपर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली.

खरी गंमत या मिठासारख्या थरात आहे. तेथे थोडी मोकळी जागा असते आणि हवेतील जादा ऑक्सिजन तेथे शिरतो. शिरताना तो दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजेच ऋणभारित आयन होतो. हे इलेक्ट्रॉन त्याला मुख्यतः निकेलकडून मिळतात. पुढे हा पाहुणा शेजारच्या अष्टफलकाच्या टोकावरील ऑक्सिजनला ढकलतो आणि स्वतः त्याची जागा घेतो. ढकललेला ऑक्सिजन पुढच्या मोकळ्या जागेत जातो. भरलेल्या बाकावर कडेला एक मुलगा येऊन बसला की दुसऱ्या कडेच्या मुलाला उठावे लागते, तसेच हे. थराच्या दिशेने ही चाल सोपी असते. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणे फार कठीण.

या चालीचा उपयोग काय? इंधनघट नावाच्या साधनात हायड्रोजन न जाळता वीज तयार होते. हवेतील ऑक्सिजन आयन होऊन घन पडद्यातून पलीकडे जातो, हायड्रोजनशी मिळून पाणी बनतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. झिर्कोनियाचा पडदा असलेले जुने घट ८०० ते १००० अंश सेल्सिअसला चालत. एवढ्या उष्णतेत धातूचे भाग गंजतात, सांधे तडकतात आणि खर्च वाढतो. म्हणून ५०० ते ७०० अंशांवर काम देणारे पदार्थ शोधले जात आहेत. हवेच्या बाजूला असा पदार्थ हवा, की ज्यातून आयनही जातील आणि इलेक्ट्रॉनही. निकेलच्या या स्फटिकातून दोन्ही जातात.

लँथॅनमऐवजी प्रासिओडिमियम घातले तर काम आणखी चांगले होते. पण तो स्फटिक त्या उष्णतेत हळूहळू विघटित होतो. चालही जलद हवी आणि इमारतही टिकायला हवी, ही जोडी अजून सहज जमत नाही.